दुर्बिणीची बारी

रात्रीचे पावणेबारा. वांगणीजवळच्या एका शेतात मी रांगेत उभी आहे आणि माझ्यापुढे तीसेक माणसं आहेत. नेमका आकडा सांगणं कठीण, कारण अमावास्येच्या काळोखात माणसं मोजता येत नाहीत. कानटोप्या आणि खोकले तेवढे मोजता येतात. रांगेच्या टोकाला तेलाच्या डब्याएवढी रुंद आणि माझ्या छातीला लागेल एवढी उंच नळी आभाळाकडे तोंड करून उभी आहे. तिच्या वरच्या अंगाला, बाजूने, एक छोटी भिंगाची नळी बाहेर आलेली आहे. एकेक जण तिथे वाकतो, काही क्षण तसाच राहतो, "अरे वा" म्हणतो आणि बाजूला होतो. शेजारी उभा असलेला कॉलेजातला मुलगा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो, "दिसलं का?"

प्रत्येक जण म्हणतो, "हो."

हा 'हो' माझ्या ओळखीचा आहे.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'रांग' असा कळवला, तोवर पंढरपूरची दर्शनबारी, रेशनचं दुकान आणि मतदान केंद्र ही तिन्ही गिऱ्हाइकं दुसऱ्यांनी पळवली होती. "तुम्हाला सुचेल ती रांग घ्या, पण जाऊन उभ्या राहा," एवढीच अट होती. मला सुचली ती चाळीस वर्षांपूर्वीची. तिच्यात मी एकदा उभी राहिले होते आणि खोटं बोलून बाहेर पडले होते.

हो, दिसला!

हॅलेचा धूमकेतू १९८६ साली आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्याआधी वर्षभर वर्तमानपत्रांनी त्याची इतकी वर्णनं छापली होती, की आमच्या चाळीत तो जावयासारखा येणार होता. जानेवारीतल्या एका संध्याकाळी बाबा मला शहरातल्या एका शाळेच्या गच्चीवर घेऊन गेले. रांग जिन्यावरून उतरून पटांगणात आली होती. दीड तासाने माझा नंबर लागला. स्टुलावर चढले, डोळा लावला. आत राखाडी अंधार होता आणि माझ्याच पापण्या फडफडत होत्या. मागून कुणीतरी म्हणालं, "चला बाळ, आटपा." दुर्बिणीजवळच्या काकांनी विचारलं, "दिसला?"

"हो, दिसला!"

पुढे महिनाभर मी शाळेत त्या धूमकेतूचं वर्णन करत होते. शेपटीसकट.

त्या वर्षीचं हॅलेचं दर्शन फार दुबळं होतं, हे पुष्कळ नंतर वाचलं. तो सूर्याच्या सगळ्यात जवळ पोचला तेव्हा पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला होती. शहरातल्या दिव्यांत तो एरवीही दिसणं अवघड होतं. म्हणजे त्या जिन्यावरच्या शेकडो लोकांपैकी किती जणांना खरंच काही दिसलं असेल, कोण जाणे. पण पायऱ्या उतरताना एकानेही 'नाही दिसला' म्हटल्याचं मला आठवत नाही. आता तो २०६१ मध्ये येईल. माझ्या खोट्याची दुरुस्ती करायला तो उपयोगाचा नाही.

या धूमकेतूने एक चांगलं काम मात्र केलं. त्याच्या निमित्ताने १९८५-८६ च्या सुमारास आकाशाच्या नादी लागलेली पुष्कळ मुलं पुढे त्या नादातून बाहेर पडलीच नाहीत. मुंबईचं खगोल मंडळ त्याच धामधुमीत जन्माला आलं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासूनची, हौशी खगोल अभ्यासकांच्या देशातल्या सगळ्यात जुन्या संस्थांपैकी एक. टिळक स्मारक मंदिरात नाटकाला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की त्याच आवारात आकाश बघणाऱ्यांचंही बिऱ्हाड आहे! आज महाराष्ट्रात अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी शहराबाहेर पडणारी अशी मंडळं बरीच आहेत. माणशी वर्गणी, स्वतःची सतरंजी, स्वतःचं पाणी, रात्रभर जागरण आणि सकाळी पोहे, असा साधारण शिरस्ता.

कर्जत लोकल

वांगणी हे बदलापूरच्या पुढचं स्टेशन. मुंबईतल्या आकाशवेड्यांना हे गाव वर्षानुवर्षं माहीत आहे, कारण रात्रीची लोकल इथवर येते आणि निदान काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे आकाश काळं असायचं. या गावाची आणखी एक ओळख आहे. मुंबईच्या मानाने भाडं परवडतं आणि स्टेशन जवळ, म्हणून अनेक अंध कुटुंबं इथे राहायला आली. त्यांतली कितीतरी माणसं लोकलमध्ये छोट्यामोठ्या वस्तू विकून पोट भरतात. २०२१ साली याच स्टेशनात रुळांवर पडलेल्या एका लहानग्याला मयूर शेळके या पॉइंट्समनने समोरून गाडी येत असताना उचललं, ते दृश्य देशभर पाहिलं गेलं. त्या मुलाची आई अंध होती.

माझ्या डब्यात असेच एक विक्रेते काका दिवसाचा धंदा संपवून परतत होते. गळ्यात की-चेन आणि मोबाइलची कव्हरं अडकवलेली पुठ्ठ्याची पाटी. आमच्या घोळक्यातल्या एका पोराचा स्टँड दाराच्या दांडीवर आपटला, तशी त्यांनी मान वळवली.

"दुर्बीणवाले का?"

"हो काका. कसं ओळखलंत?"

"हा खणखणाट महिन्यातून एकदाच उतरतो इथं." मग जरा थांबून, "सकाळी पहिली गाडी धरा. दुसरीला गर्दी होते, बसायला मिळायचं नाही."

वांगणीला ते आमच्या आधी उतरले आणि काठी न आपटता, सरावाने, पुलाच्या पायऱ्यांकडे निघून गेले. आमचे पंचवीस जण त्याच पुलावर मोबाइलचे टॉर्च लावून चाचपडत होते.

शेतावर पोचल्यावर पहिलं काम टॉर्च बंद करण्याचं. उजेड लागलाच तर लाल जिलेटिनचा कागद लावलेल्या बॅटरीचा. पहिल्यांदा आलेल्या माणसाला हा सोवळ्याओवळ्याचा प्रकार वाटतो, पण कारण साधं आहे. अंधाराला सरावायला डोळ्याला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरं काम पडद्यावरच्या पेशींमध्ये चालतं. अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य पांढऱ्या प्रकाशाने विटतं आणि ते हळूहळूच भरून येतं. लाल उजेडाचा त्याला फारसा त्रास होत नाही. कुणी मध्येच मोबाइल उघडून 'पोचलो' असा मेसेज टाकला, की त्याची स्वतःची आणि शेजारच्या चौघांची अर्ध्या तासाची पुंजी जाते. म्हणून शेतात अधूनमधून "लाइट! लाइट!" असा ओरडा उठतो. क्रिकेटमध्ये 'आउट' म्हणून ओरडतात तसाच, तेवढ्याच आनंदाने.

रांगेचा उपयोग मला इथे कळला. ज्यांनी रांगेत अर्धा तास गप्पा मारत, हात चोळत, वर बघत काढला, त्यांचे डोळे नंबर लागेस्तोवर तयार झालेले असतात. ओळखीने मध्ये घुसलेल्या माणसाला त्याच भिंगातून कमी दिसतं.

डोळा लावताना

दुर्बिणीजवळ उभ्या असलेल्या त्या मुलाला मी तासभर नुसती बघत राहिले. विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आठवीपासून येतोय. त्याच्या एका खिशात मऊ फडकं, दुसऱ्यात लिमलेटच्या गोळ्या. फडकं कशाला? काजळाला. दर पाच-सहा बायकांनंतर भिंगाच्या कडेवर काळी चंद्रकोर उमटते. शिवाय थंडीत माणूस डोळा लावून "आईशप्पथ" म्हणतो तेव्हा त्याचा श्वास भिंगावर जातो आणि पुढच्याला धुकं दिसतं.

माणसं काय काय करतात! दोन्ही हातांनी नळी घट्ट धरतात. भिंगात आणून ठेवलेला गुरू ग्रह तिथल्या तिथे चौकटीबाहेर. काही जण मोठ्या नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीत बघून समाधानाने निघून जातात. एक आजोबा नळीच्या तोंडाशी जाऊन वरून आत डोकावले, विहिरीत डोकावतात तसे. एक डोळा मिटता येत नाही अशी माणसं किती असतात, हेही मला तिथेच कळलं. ती दोन्ही डोळे मिटतात आणि भक्तिभावाने उभी राहतात.

मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. एकेक जण सरासरी आठ ते दहा सेकंद डोळा लावत होता. रांग पाऊण तासाची. पंढरपूरला पदस्पर्शाच्या रांगेतली माणसं याहून जास्त वेळ उभी राहतात आणि याहून कमी वेळ पाहतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.

पण देव जागेवर उभा असतो, गुरू पळतो. हे मला नव्याने समजलं. शंभरेक पट मोठं करून दाखवणाऱ्या भिंगात आकाशाचा जेमतेम अर्धा अंश मावतो, पूर्ण चंद्राएवढा तुकडा. पृथ्वी फिरते, त्यामुळे चौकटीच्या एका कडेला ठेवलेला ग्रह साधारण दोन मिनिटांत दुसऱ्या कडेने निघून जातो. या दुर्बिणीला मोटर नव्हती. म्हणून थोड्या थोड्या वेळाने तो मुलगा स्वतः वाकायचा, नळीला बोटाने इतकासा धक्का द्यायचा आणि म्हणायचा, "या." शाळेत पृथ्वी फिरते हे आपण सकाळ-संध्याकाळवरून शिकतो. इथे ती अक्षरशः हाताखालून सरकताना दिसते. पण हे तो मुलगा सोडून कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण प्रत्येक जण त्या दोन मिनिटांतला आपलाच तुकडा पाहून जातो.

त्याची एक युक्ती मला फार आवडली. "दिसलं का?" ला "हो" आलं, की तो हळूच विचारायचा, "गुरूच्या डावीकडे किती ठिपके होते?" गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले चार चंद्र त्या रात्री एका बाजूला तीन आणि दुसरीकडे एक असे विखुरले होते. ज्याला दिसले तो लगेच सांगायचा. ज्याला दिसले नव्हते तो गोंधळायचा, मागच्या रांगेकडे बघायचा आणि म्हणायचा, "दोन… ना?" मग मुलगा त्याला अपमान न वाटेल अशा बेताने म्हणायचा, "परत बघा, मी जरा हलवतो."

मला वाटलं, १९८६ च्या गच्चीवर हा का नव्हता.

शनीची तऱ्हा वेगळीच झाली. तो संध्याकाळीच दाखवून झाला होता आणि त्याने बहुतेकांना निराश केलं होतं. शनी म्हणजे कडी. पुस्तकावर, वहीच्या कव्हरवर, पंचांगाच्या जाहिरातीवर. पण ही कडी लाखो किलोमीटर रुंद पसरलेली असली, तरी जाडीला बहुतेक ठिकाणी दहाएक मीटर एवढीच आहेत. शनीच्या सूर्याभोवतीच्या साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत दोनदा ती आपल्याकडे नेमकी धार करून येतात. मार्च २०२५ मध्ये तसं झालं आणि त्यानंतरच्या हिवाळ्यातही कडी सुईएवढी बारीक होती. कल्याणहून आलेल्या एका काकूंनी डोळा लावला, बाजूला झाल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "साडेसातीत सगळं गेलं, कडीसुद्धा गेली." अख्खी रांग हसली. काकू खरं बोलल्या होत्या. त्यांना जे दिसलं नाही ते त्यांनी दिसलं नाही म्हणून सांगितलं.

वांगणीचं आकाश आता पूर्वीचं राहिलेलं नाही. बदलापूरच्या बाजूला क्षितिजावर नारिंगी पट्टा चढलेला असतो. त्या दिशेचे तारे बघायचेच नाहीत, असा अलिखित नियम झालाय. जुने सभासद पूर्वी इथून आकाशगंगा कशी दिसायची ते सांगतात, आमच्या आजीने गावच्या आंब्यांचं सांगावं तसं. त्यांच्यापैकीच एक जण म्हणाले, "खरा काळोख बघायचाय ना? मग विदर्भात जा."

बघायचं कुठून?

विदर्भाकडे वळण्याआधी खोडदचं सांगून टाकते, कारण तिथली रांग सगळ्यात लांब होती आणि तिच्या शेवटी बघायला काहीच नव्हतं.

नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं, की द्राक्षांच्या बागा आणि टोमॅटोच्या शेतांच्या पलीकडे पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल भौतिकी केंद्राची मीटरतरंग दुर्बीण. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तीस तबकड्या, प्रत्येक पंचेचाळीस मीटर व्यासाची. चौदा मध्यभागी एकवटलेल्या आणि उरलेल्या इंग्रजी 'वाय'च्या आकारात तीन दिशांना, एकूण पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. २८ फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान दिनाच्या सुमाराला हा परिसर सगळ्यांना खुला होतो आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या शाळा टेम्पो, एसटी, जीप मिळेल त्या वाहनाने लोटतात.

गेटवर मोबाइल बंद करायला सांगतात. इथे तो उजेडासाठी नव्हे, आवाजासाठी. ही दुर्बीण आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपते आणि त्या इतक्या क्षीण असतात, की जवळपासचा मोबाइल किंवा मोटारीच्या प्लगची ठिणगीही तिच्या कानाशी बोंबलल्यासारखी होते. शहरांपासून दूर आणि डोंगरांच्या आडोशाला ही जागा निवडली ती त्यासाठीच. वांगणीला बदलापूरचे दिवे नकोत, इथे नारायणगावचे फोन नकोत.

माझ्यापुढे सहावीतल्या मुलींची रांग होती, निळे फ्रॉक, लाल रिबिनी. कुठल्या तरी हायस्कूलच्या बाई त्यांना दोन-दोन करून आवरत होत्या. तबकडीच्या बुडाशी पोचल्यावर एक जण समजावून सांगत होते. ही तबकडी पत्र्याची नाही, स्टीलच्या तारांची जाळी आहे. आपल्याला आरपार दिसतं, पण मीटरभर लांबीच्या लाटेला ही जाळी सपाट भिंतच वाटते. जाळी असल्यामुळे वारा आत अडत नाही आणि वजन व खर्च दोन्ही वाचतात. हे सगळं मुलींनी मान डोलावून ऐकलं. मग एकीने हात वर केला.

"सर, बघायचं कुठून?"

"यातून बघता येत नाही. यातून ऐकल्यासारखं असतं. आणि ऐकतोसुद्धा कॉम्प्युटर."

मुलगी मागे वळून मैत्रिणीला म्हणाली, "मग आपण आलो कशाला?" पण त्याच वेळी सरावासाठी ती तबकडी वळायला लागली. पंचेचाळीस मीटर रुंद जाळी, सावकाश, काहीच आवाज न करता. सूर्य मागे होता, त्यामुळे जाळीची सावली जमिनीवरून, मुलींच्या अंगांवरून, रिबिनींवरून सरकत गेली. सगळ्या एकदम गप्प झाल्या. बाईही.

बाहेर प्रदर्शनात आसपासच्या शाळांतल्या मुलांनी केलेले प्रयोग मांडले होते. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी होताच. तो नसला तर विज्ञान प्रदर्शन भरल्यासारखं वाटत नाही. आणि त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यापाशी जी रांग होती, ती दुर्बिणीच्या रांगेहून कितीतरी शिस्तीची होती.

दिव्यांची मान खाली

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघायचं, मनसर ओलांडायचं आणि पवनीपाशी डावीकडे सिल्लारीला वळायचं. पेंच व्याघ्र प्रकल्पाचं हे दार. बाकीच्यांना इथे वाघ हवा असतो. मीही लहानपणी आले होते तेव्हा तोच हवा होता. आता इथे वाघाखेरीज आणखी एक गोष्ट राखली जाते. जानेवारी २०२४ मध्ये पेंचच्या महाराष्ट्रातल्या भागाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी लडाखच्या हानले परिसरात अंधार राखायचं काम सुरू झालं होतं, पण तिथे देशाची मोठी वेधशाळाच उभी आहे. इथे जंगल आहे आणि जंगलालगत गावं आहेत.

काळोख राखायचा म्हणजे करायचं काय, ते वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांमध्ये फिरल्यावर समजतं. रस्त्यांवरचे आणि सार्वजनिक जागांतले शंभराहून जास्त दिवे बदलून त्यांची तोंडं जमिनीकडे केली आहेत. दिवे काढलेले नाहीत. हे महत्त्वाचं, कारण ज्या गावात संध्याकाळनंतर रानडुक्कर, अस्वल, क्वचित बिबट्याही येऊ शकतो, त्या गावाला 'अंधारात राहा, म्हणजे शहरातल्या लोकांना तारे दिसतील' हे सांगणं उर्मटपणाचं झालं असतं. मी वाघोड्यात एका घरासमोर उभी राहून त्या खांबाकडे बघत होते, तेव्हा अंगणात भांडी घासत असलेल्या बाई म्हणाल्या, "पहिले लाइट डोळ्यात येत होती, आता पायापाशी येते. साप दिसते ना बापा, आणखी काय पाहिजे?"

साध्या दिव्याचा बराचसा उजेड वर आणि आडवा जातो. तो कुणाच्याच उपयोगाचा नसतो. धुळीवर आणि बाष्पावर आपटून तो आकाश दुधाळ करतो. त्याच्याभोवती पाखरं, पतंग रात्रभर घिरट्या घालून मरतात. उजेड खाली वळवला, की रस्ता आधीसारखाच दिसतो आणि वरचं आकाश मोकळं होतं. यात नवीन यंत्र काहीच नाही. आपल्या ओट्यावरच्या कंदिलालाही वरून पत्र्याची टोपी असायची.

सिल्लारीच्या निसर्ग केंद्रात दिवसा फिरून आले. वाघाच्या पंजाचे ठसे, पानांचे नमुने, हाडं. शाळेची सहल आत आली तेव्हा मुलं धावत गेली ती वाघाच्या चित्राकडे. घुबडाच्या चित्रापाशी एकटीच मुलगी थांबली होती, ती बुटाची लेस बांधायला. जंगलाचा निम्मा संसार रात्रीचा आहे, पण आपण तो जीपच्या वेळापत्रकात बसवून टाकला आहे.

नऊ जणांची रांग

जानेवारीतली अमावास्येची रात्र. सागाची पानं गळायला लागलेली. वाघोडा तलावाकडच्या बाजूला आम्ही नऊ जण, शिवाय दुर्बीण चालवणारे एक भाऊ, बाजूच्याच गावचे. आधी जंगलात गाइड होते, आता रात्री आकाश दाखवतात. गाडीचे दिवे विझले आणि मला पायाखालचं काही दिसेना. कुणी बोलेना. दूर कुठेतरी रातवा टकटक करत होता आणि सागाच्या पानावरून काहीतरी हलकं चालत गेलं. त्या पानांवर उंदीरसुद्धा सांबरासारखा वाजतो, हे मला माहीत होतं. तरी मी भाऊंच्या जवळ सरकले.

पहिली पंधरा मिनिटं त्यांनी दुर्बिणीला हातच लावला नाही. "नजर बसू द्या," एवढंच म्हणाले. मग हळूहळू आभाळ भरायला लागलं. वर मृग, त्याच्या पट्ट्याचं तिकांडं, खाली व्याध, वर रोहिणी, तिच्या पलीकडे कृत्तिकांचा झुबका. आणि या सगळ्याच्या मागून, धुण्याच्या पाण्यासारखी फिकट, हिवाळ्यातली आकाशगंगा. माझ्या शेजारी उभा असलेला नागपूरचा एक इंजिनीअर हिरमुसला. "इंटरनेटवर तर निळी-जांभळी दिसते."

"ते कॅमेरा पाहते," भाऊ म्हणाले. "कॅमेरा मिनिटभर डोळा उघडा ठेवून राहते. आपल्याले नाही जमत."

खरं आहे. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या आपल्या पेशींना रंग कळत नाहीत. फोटोत गुलाबी दिसणारा मृगातला तेजोमेघ प्रत्यक्ष दुर्बिणीत राखाडी धुरासारखा दिसतो. हे कुणी आधी सांगितलं नाही, तर माणूस आपल्यालाच दिसत नाही असं धरून बसतो आणि "हो, छान आहे" म्हणून रांगेतून बाहेर पडतो.

माझ्याकडून तिथे एक चूक झाली. वहीत टिपण करायला मी पिशवीत हात घातला आणि सवयीने मोबाइल उघडला. पांढऱ्या उजेडाची थप्पड नऊ तोंडांवर बसली. "ताई!" असा एकच सूर. मी ओशाळून मोबाइल छातीशी धरला, तो तिथेही शालीतून उजळत राहिला. भाऊ रागावले नाहीत. "चला, आणखी वीस मिनिटं," म्हणाले आणि त्यांनी आपल्या आजोबांची गोष्ट काढली. आजोबा सप्तर्षींना म्हातारीची बाज म्हणायचे. बाजेचे चार खूर, आणि ती पळवायला आलेले तीन चोर. रात्री राखणीला जाताना बाज कुठवर कलली, त्यावरून त्यांना पहाट किती लांब आहे ते कळायचं. "आता मोबाइलमध्येच टाइम दिसते," असं म्हणून ते हसले, आणि मीही हसले, कारण माझा तो अजून शालीत होता.

मग दुर्बीण वायव्येकडे वळली. देवयानी दीर्घिका. नुसत्या डोळ्यांनी दिसणारी जवळजवळ सगळ्यात लांबची गोष्ट. तिचा प्रकाश पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला. आधीचे सहा जण वाकले, उठले, "हो" म्हणाले. इंजिनीअर "हो" म्हणाला. माझा नंबर आला.

डोळा लावला. राखाडी अंधार. थोडे तारे. आणि कडेला माझ्या पापण्या.

मागे दोघे जण थांबलेले होते. थंडी होती. भाऊंनी विचारलं, "दिसून राहिलं का, ताई?"

"नाही," मी म्हटलं.

"नाही?"

"नाही दिसत."

"मंग थांबा न. घाई काय आहे?" त्यांनी नळीला बोटाने किंचित हलवलं. "मधात नका पाहू. जरा बाजूले पाहा. हरिण झुडपात कसं पाहता? सरळ पाहिलं तर दिसत नाही, तिरपं पाहिलं का कान हालते."

मी चौकटीच्या डाव्या कडेवरच्या एका ताऱ्याकडे बघत राहिले. मागचा माणूस पाय बदलत होता, त्याच्या बुटाखाली पानं चुरत होती. तलावाकडून टिटवी ओरडली. मी किती वेळ वाकले होते कुणास ठाऊक, पाठ भरून आली. आणि मग उजवीकडे, जिथे मी बघत नव्हते तिथे, तव्यावरच्या वाफेसारखं काहीतरी होतं. बघायला गेले की नाहीसं होत होतं.

"किती लांब आहे ते?" मागच्याने विचारलं.

"थांबा हो," भाऊ त्याला म्हणाले. "त्यांचं अजून चालू आहे."